तांबड्या फुलीचं दार

नंदे,

तुझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या, तेव्हा मी तिथंच उभी होते. तुला ते आवडलं नसतं. पाच वर्षं तू हातात काकण घातलं नव्हतंस. बायका टोकायच्या, तर तू म्हणायचीस, सुपारी सोलताना आड येतात. आता सोलायचं संपलं, तर आळीतल्या सगळ्याजणींनी मिळून तुला सजवलं. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, ओटीत नारळ. नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली, भाग्याची गं बाई, असं म्हणत दोघी-तिघी तुझ्या पाया पडल्या. मी एरवी तोंडाची फटकळ. पण त्या वेळी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. नेमकं बोलायच्या वेळी गप्प बसायची माझी सवय तुझ्याइतकी कुणालाच माहीत नाही.

दहाव्याला सगळे म्हणत होते, आता ताटकळावं लागणार, एवढी तरणीताठी बाई, जीव अडकला असणार. पिंड ठेवून आम्ही मागे सरतोय तोच कावळा शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र तुझा राग आला. काही म्हणजे काहीच राहिलं नव्हतं का गं तुझ्या मनात? तिथंही आपलं "बरं हाय, सगळं बरं हाय" करूनच मोकळी झालीस.

आपण चुलत जावा. मी दहा वर्षं आधी या घरात आले, म्हणून तुझी वैनी झाले, आणि मोठेपणाचा हक्क मी कधी सोडला नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला धड भाकरी यायची नाही. मी शिकवली, आणि वर्षभरात तुझी भाकरी माझ्यापेक्षा पातळ व्हायला लागली. ते तू चारचौघींत बोलून दाखवायचीस. कालवणात कोकम किती घालायचं यावरून आपण इतक्या वेळा भांडलो, की माझी सासू उठून वाडीतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेला जाऊन बसायची. वाडीवाल्यांकडे सुपारी सोलायला आपण जोडीनं जायचो. तुझा हात चालायचा आणि माझं तोंड. समोरच्या टोपलीतल्या माझ्या सुपाऱ्या तू गुपचूप सोलून टाकायचीस आणि वर म्हणायचीस, "वैनी, बोलत ऱ्हा, मला झोप येते न्हायतर."

मी पुढं गावची आशा झाले. घरोघर फिरून कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोराची लस राहिली, कुणाला ताप आहे, ते बघायचं आणि वहीत लिहायचं. माझ्या अंगावर सरकारी साडी आली आणि मी जरा जास्तच ताठ चालायला लागले. तू मागून माझी चाल करून दाखवायचीस, हे मला तुझ्या लेकीनं, वैशूनं सांगितलं होतं. तुला कळलंच नाही मला माहीत आहे ते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

टाळेबंदी लागली आणि मुंबईची माणसं गावाकडे यायला लागली, तेव्हा तुझ्या नवऱ्याचा, अनंताचा फोन आला. नव्या मुंबईतल्या कॅन्टीनचं काम बंद झालं होतं. आगरदांड्यापर्यंत तो मिळेल त्या गाडीनं आणि पायी आला होता, फेरी बंद होती म्हणून कुणाच्या तरी होडीतून खाडी ओलांडून दिघीला उतरणार होता. त्या दिवशी दुपारी तू माझ्याकडे आलीस. वैशू तेव्हा तेरा वर्षांची, तुझा पदर धरून उभी. तू म्हणालीस, "वैनी, ते चौदा दिवस एकटे ऱ्हातील घरात. मी नि पोर तुझ्याकडं येऊ का?"

किती सोपी गोष्ट होती. आजाराच्या नियमानंही तेच बरोबर होतं, बाहेरून आलेल्या माणसानं वेगळं राहायचं. मी स्वतः दारोदार तेच सांगत फिरत होते. आणि तुला मी काय म्हटलं?

मी म्हटलं, "अगं, मग त्याला रांधून कोण घालील?"

तू माझ्याकडे बघितलंस. "व्हय, ते पण हाय," म्हणालीस आणि पोरीला घेऊन गेलीस. अनंता वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. तो असेल त्या दिवसांत तू सोलायला यायची नाहीस, आणि आलीस तर बोलायची नाहीस. हे मी पंधरा वर्षं बघत होते. पण घरचा पुरुष दमूनभागून, चालत आलाय, आणि त्याची बायको शेजारच्या घरात बसलीय, हे काही माझ्या डोक्यात बसेना. शेवटी तो माझा दीर.

दुसऱ्या दिवशी गावच्या समितीनं ठरवलं, की बाहेरून माणूस आलेल्या घराच्या दारावर खूण करायची. खडू पुसला जातो म्हणून कुणीतरी कोळीवाड्यातून होडीला लावायचा तांबडा रंग आणला. तो रंग खाऱ्या पाण्यातही जात नाही, मग दारावरून कसा जाणार, हा विचार आमच्यापैकी एकाही शहाण्यानं केला नाही. आळीतल्या फुल्या मारायचं काम माझ्याकडे. तुझ्या दारावर मारताना कुंचला घसरला आणि एक रेघ तिरकी गेली. तू आतून म्हणालीस, "वैनी, सरळ मार की. रांगोळी तर झ्याक काढतेस." मी हसले. तुझ्यामागे अनंता उभा होता, तो हसला नाही.

मग रोज सकाळी मी तुझ्या अंगणाच्या कडेला उभी राहून विचारायची. ताप? खोकला? दम लागतो? तू दारात, तो मागे. "न्हाय, न्हाय, न्हाय." मी वहीत टिक करून पुढच्या घरी. पाचव्या दिवशी मी तीन प्रश्न विचारले आणि तू चार वेळा "न्हाय" म्हणालीस. मी थांबले. तू परत आत गेलीस. मी वहीत लिहिलं, सर्व ठीक.

सातव्या दिवशी भर उन्हात तू मागच्या वाडीतून आलीस. आपल्या दोन घरांमधल्या गडग्याचा दगडी बांध जिथं ढासळलाय, तिथं उभी राहिलीस. तोंडाला पदर गुंडाळलेला. तेव्हा सगळ्यांचीच तोंडं झाकलेली, कुणाच्या पदराखाली काय आहे ते कळायची सोय नव्हती. मी ओरडले, "नंदे, पुढं येऊ नको. चौदा दिवस व्हायचेत."

तू म्हणालीस, "घरात न्हाय येत. पडवीत बसते नुसती. थोडा येळ."

"सगळ्या आळीला पसरवशील. मी आशा आहे, माझ्याच घरात नियम मोडला तर लोक काय म्हणतील? जा घरी. चौदा झाले की ये."

तू गेलीस. वळताना तू पदर सावरलास तेव्हा तुझा डावा हात दिसला. मोकळा होता. भरल्या हाताची बाई तू, आणि त्या हातात एक काकण नव्हतं, मनगटावर नुसते बारीक लाल ओरखडे. मी ते बघितलं, नंदे. मागाहून सगळ्यांना मी सांगत आले की मला काही कल्पना नव्हती. तुझ्या भावालाही तसंच सांगितलं. खोटं बोलले. मला त्या दुपारीच कळलं होतं, आणि मी आत जाऊन वाल निवडत बसले.

लोक म्हणतात पिऊन मारतो. त्या दिवसांत दारूची दुकानं बंद होती, गावात थेंब मिळत नव्हता. अनंता शुद्धीवर होता. चौदा दिवस संपले, पण त्याला जायला कुठं रस्ता होता? पुढचा दीड महिना तो तुझ्या घरात होता आणि मी तुझ्या घराकडे कमी बघायला लागले. चौदा झाले की ये म्हटलं होतं मी. तू आली नाहीस आणि मीही विचारलं नाही.

शेवटी वादळानं तुला बाहेर काढलं. जून लागताच ते आलं. पोफळी मुळासकट आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले, आणि सगळी आळी शाळेच्या तीन खोल्यांत. एका खोलीत आम्ही बायका-पोरं कोंबून बसलो होतो, अंतर-बिंतर सगळं विसरून. तू वैशूला घेऊन भिजून चिंब आलीस. कापत होतीस. मी माझं कोरडं लुगडं दिलं आणि आडोशाला तुझी चोळी सोडायला मदत केली. तुझी पाठ बघितली. त्यातलं काही जुनं होतं, काही परवाचं. तू म्हणालीस, "वैनी, तू बघू नको." मी म्हटलं, "आता तरी बघू दे." तेवढंच बोललो आपण.

वारा पडल्यावर अनंता दाराशी आला. "चल घरी," म्हणाला. घराला छप्पर नव्हतं, पण याला बायको घरात हवी होती. तू उठायला लागलीस. तुझे पाय आपले आपणच उठत होते. मी जाऊन दारात बसले. आडवी बसले, उंबऱ्यावर. म्हटलं, "आत बाई अडलीय. पुरुषांनी यायचं न्हाय."

"मग नंदाला पाठव भायेर."

"ती बाईला धरून बसलीय. कुणीच न्हाय यायचं भायेर."

माझ्या शेजारी आणखी दोघी येऊन बसल्या. कुणी कुणाला खूण केली नव्हती. अनंता थोडा वेळ घुटमळला आणि गेला. मी मागे वळून बघितलं, तर तू फुटलेल्या ओठानं हसत होतीस. "वैनी, काय झालं मग? मुलगा का मुलगी?" त्या खोलीत सगळ्यांची घरं उडाली होती, आणि आपण सगळ्या पोट धरून हसलो. आयुष्यात मी एकच खोटं बोलले ज्याचं मला पुण्य लागेल, ते हे.

त्यानंतर रस्ते उघडले, अनंताला कामावर बोलावलं, तो गेला. तुझं घर परत उभं राहिलं. तू पडलेल्या वाड्यांतून पोफळी उचलायला गेलीस, पुढं रोपं लावायला गेलीस, वैशूला शिकवलंस. गणपती आणि शिमग्याला अनंता आला, की तू पोरीला घेऊन माझ्या घरी. कुणी विचारलं तर मी सांगायची, माझी कंबर धरलीय, नंदा मदतीला आलीय. माझी कंबर वर्षातून दोनदा, बरोबर सणाला धरायची. गावाला सगळं कळत होतं, पण औषध मात्र मला प्रत्येकानं सुचवलं.

तू मला एक काम शिकवलंस, त्याचे उपकार मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही. एकदा सोलायला बसलो असताना तू म्हणालीस, "वैनी, तू दारात उभी ऱ्हाऊन इचारतेस ना, बरी हायस का, तवा बाई काय सांगंल? मागं तो उभा असतो. बाईला आधी घरातून भायेर काढ, मग इचार." तेव्हापासून मी बायकांना अंगणवाडीत बोलावते, वजन करायचं आहे म्हणून. काट्यावर उभं करते आणि हळूच विचारते. काही बायका काट्यावरून उतरतात आणि घरी जातात. काही उतरत नाहीत, तिथंच उभ्या राहून बोलतात. त्यातल्या एकीला मी तिच्या माहेरी नेऊन सोडलं, एकीबरोबर पोलीस ठाण्यात चार तास बसले. त्यांना वाटतं मी फार धीराची बाई आहे. ते ऐकताना दरवेळी मला गडगा दिसतो.

त्या दिवसाबद्दल मी तुझ्याशी बोलायचा एकदाच प्रयत्न केला. तुझ्या दाराला नवा रंग देऊ या, ती फुली जाईल, असं म्हटलं. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे, दार मजबूत हाय." मी म्हटलं, "नंदे, त्या वेळी नियम होता गं." तू सुपारी सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "व्हय. नियम होता." बस. कोकमाच्या दोन आमसुलांवरून तासभर भांडणारी तू, यावर एक शब्द नाही. मला वाटायचं, ती फुली तू मला दिसावी म्हणून ठेवलीस. तुझ्या घरी येताना मी दाराकडे न बघता आत शिरायची. भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी तुझ्या पाया पडले असते, मोठी जाऊ असले तरी.

आणि मग या पावसात, गणपतीला आठ-दहा दिवस असताना, मी तापाच्या फेरीवर होते. भाताच्या शेतात गुडघाभर पाण्यात तण काढायला तू आठवडाभर जात होतीस. मी तुझ्या दारात उभी राहिले. घाई होती, अजून वीस घरं व्हायची होती. "नंदे, ताप-बिप?" तू डोक्याला पदर घेऊन चुलीपाशी बसलेली. "न्हाय वैनी, बरी हाय." मी टिक केली. तुझे डोळे लाल होते. मला वाटलं, धुरानं.

तूच शिकवलं होतंस मला, दारात उभं राहून विचारू नको म्हणून. दुसऱ्यांच्या बायकांना मी काट्यावर उभं करत होते, आणि तुला दारातून विचारून पुढं गेले.

दोन दिवसांनी वैशू धावत आली. तालुक्याला नेलं, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात. डोळे पिवळे, लघवी बंद. डॉक्टर म्हणाले, शेतातल्या पाण्यातून होणारा ताप आहे, दोन दिवस आधी आणलं असतं तर औषध लागू पडलं असतं. ते औषध माझ्या पिशवीत होतं, नंदे. तुझ्या दारात उभी होते तेव्हा खांद्यालाच लटकत होतं.

तू का नाही सांगितलंस, हा प्रश्न मी बारा दिवस चघळत होते. कामाची मजुरी बुडेल म्हणून? माझ्यावर राग म्हणून? काल तेराव्याची भांडी घासताना वैशूला विचारलं. पोरगी आता अठरा पूर्ण झालीय, तुझ्यासारखीच मान खाली घालून बोलते. म्हणाली, "काकी, मी सांगनार व्हते तुला. आईनं सांगू दिलं न्हाय. म्हनाली, गनपतीला बाबा येतील. ताप हाय म्हटलं तर वैनी आपल्याला तिच्याकडं घेनार न्हाय. चौदा दिवस आत बसवंल."

मी म्हटलं, "अगं, आता तसं कुठं काय राहिलंय?"

"मी पन तेच म्हनाले. तर म्हनाली, नियम असतो."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. पाच वर्षं मी समजत होते की तू मला टोमणा मारलास. तू टोमणा मारला नव्हतास. मी सांगितलं ते तू खरं मानून चाललीस. माझ्या घरात यायचं तर अंगात ताप असता कामा नये, एवढं धरून बसलीस, आणि त्यातच गेलीस. मला माफ कर असं कुठल्या तोंडानं म्हणू? ज्यानं मारलं त्यानं तुला अग्नी दिला. मी मारलं नाही. मी फक्त दोनदा तुला परत घरी पाठवलं.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायलाच लिहायला बसले.

काल जेवणं झाल्यावर माणसं अंगणात बसली होती. अनंता म्हणाला, "वैशूला घेऊन जातो मुंबईला. माझं कोन हाय आता? रांधून घालायला कुनीतरी पायजे." म्हातारी माणसं माना हलवायला लागली. बरोबर आहे, बापाला कुणीतरी बघायला हवं, पोरगी शहाणी आहे. वैशू दाराशी उभी होती, तुझ्या दाराशी, त्या तिरक्या रेघेपाशी. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि मग हळूच म्हणाली, "व्हय, ते पन हाय."

तुझेच शब्द गं. तोच आवाज.

मी उठले. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं, "तो रांधून खाईल. हात आहेत त्याला. पोर कुठं जाणार नाही, तिची बारावी आहे." अनंता काही बोलायला लागला. मी म्हटलं, "अनंता, त्या हातांनी काय काय केलंस ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. इथं सगळ्यांसमोर सांगू?" पाच वर्षं मी ज्यांना माहीत नाही माहीत नाही म्हणत होते, ते सगळे तिथंच बसले होते. कुणी वर बघितलं नाही. आज सकाळच्या पहिल्या गाडीनं तो गेला.

हे तुला ऐकवायला हवं होतं, त्या एप्रिलच्या दुपारी, गडग्यापाशी. मला उशीर झाला. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं हाय वैनी, झालं ना. नाही गं झालं. तुझ्यासाठी नाही झालं.

वैशू आता माझ्या पडवीत बसलीय. मांडीवर तुझं सोलायचं पातं, शेजारी टोपली. मी तिला काही काम सांगितलेलं नाही. मघाशी तिनं विचारलं, "काकी, हितं बसले तर चालंल ना?" आणि मला आत येऊन हे लिहावं लागलं. तेवढीच जागा मागायला तूही आली होतीस.